पहिल्या पाण्याची हळद

पूर ओसरला की आमच्या गावाला एक वास येतो. तो पावसाचा नसतो आणि मातीचा तर मुळीच नसतो. मातीच्या वासाचं ज्यांना कौतुक आहे त्यांनी आश्विनात एकदा आमच्या नदीकाठी येऊन उभं राहावं. गाळाखाली दबून कुजलेलं सोयाबीन, खुराड्यात बुडालेल्या कोंबड्या, कुठल्या कुठल्या गावांवरून वाहत आलेले लेकरांचे लंगोट. आता ते कापडाचे नसतात. पाणी पिऊन टम्म फुगतात आणि बाभळीच्या काट्यांना पांढऱ्या बेडकांसारखे लटकत राहतात. या सगळ्यावर मग ऊन पडतं. पाऊस असेपर्यंत वास दबून असतो. त्याला वर काढतं ते ऊन.

यंदा पुन्हा तोच वास आला. सकाळी चहा ठेवला तर चहाला, भाकरी थापली तर भाकरीला. म्हातारपणात माझे गुडघे गेले, दात गेले, एका डोळ्यावर जाळं आलं. नाक मात्र जसंच्या तसं आहे. जे जायला पाहिजे होतं तेच नेमकं राहिलं.

पूर बघायला हल्ली माणसं येतात. मोटारसायकली पुलाच्या अलीकडं लावायच्या, मोबाइल डोक्याच्या वर धरायचा आणि पाण्याकडं पाठ करून हसायचं. परवा एका पोरानं मला म्हटलं, "आजी, जरा बाजूला सरका, फोटोत येऊन राहिल्या तुमी." मी माझ्याच शेताच्या बांधावर उभी होते. सरकले नाही. म्हटलं, घे माझा पण फोटो, पूर काय आणि मी काय, दोन्ही जुनेच.

आमच्या शिवाराला पाणी देतो तो पाट. सिद्धेश्वर धरणाचा कालवा आमच्या शिवाराच्या खालच्या अंगानं गेला आहे. त्याचं पाणी वर चढत नाही आणि आम्हाला खाली जाता येत नाही. म्हणून गावाच्या वरच्या बाजूला नदीत दगडमातीचा एक तिरपा बांध आहे, माझ्या आजेसासऱ्यांच्याही आधीचा. तो नदी अडवत नाही, नुसती थोडी वळवतो. वळलेलं पाणी काठावरच्या दोन दगडी खांबांमधून पाटात शिरतं. त्या जागेला आम्ही पाटाचं तोंड म्हणतो. तिथून निघालेला पाट सगळ्यांच्या शेतांतून जातो आणि शेवटी माझ्या आणि कौसाच्या शेतात संपतो. आम्ही दोघी शेपटाकडच्या. गावात मान मुंडक्याकडच्यांना असतो.

दर पावसाळ्यात बांध थोडाफार फुटतो. पाऊस सरला की घरटी एक माणूस जातो आणि सगळे मिळून तो पुन्हा घालतात. त्याची एक रीत आहे. पाटाचं तोंड शेपटाकडच्यांनी साफ करायचं आणि पहिलं पाणी त्यांनीच घ्यायचं. ज्यानं ही रीत घातली तो माणूस शहाणा असणार. तोंडात काडी राहिली तर पाणी शेपटाला पोचत नाही, म्हणून शेपटाकडचा माणूस काडीसुद्धा ठेवत नाही. आणि पाणी एकदा शेवटच्या शेतात पोचलं की पाट कुठंच फुटलेला नाही हे सगळ्यांना कळतं. म्हणून पहिल्या पाण्यावर पोसलेली हळद आमच्याकडं चांगली मानतात. देवाचा भंडारा त्याच हळदीचा, नवरीला लावायची ती पण तीच.

हे सांगायला बरं वाटतं. खरं सांगायचं तर पहिलं पाणी शेपटाला सुखानं येऊ दिल्याचं मला आठवत नाही. मुंडक्याकडचे रस्त्यातच पाट फोडून घेतात. मी खुरपं हातात घेऊन दादारावच्या बांधावर कितीदा भांडले असेन. दादाराव म्हणजे आमच्या भावकीतला, माझ्यापेक्षा लहान, मला काकू म्हणतो. त्याचं शेत पाटाला लागून पहिलं आणि घर नदीला लागून पहिलं. दर वेळी एकच सांगायचा, "काकू, रीत-बीत जुन्या लोकांची. आता काय तिचं?"

मग तो पूर आला. चार-पाच वर्षं झाली असतील. नेमकं सांगता येत नाही, पूर आता इतके येतात की एक वर्ष दुसऱ्यात मिसळतं. पण तो साधा पूर नव्हता. नदीनं आमचा बांध मधोमध असा फोडला की दातपडक्या तोंडासारखा दिसायला लागला. विजेचे खांब आडवे झाले. काठच्या विहिरी गाळानं भरल्या. ज्यांनी ज्यांनी मोटरी टाकून पाटाकडं पाठ फिरवली होती, त्यांच्या मोटरी चिखलात रुतल्या आणि सगळं गाव पुन्हा पाटाच्या दारात येऊन उभं राहिलं.

पाऊस त्यानंतर जो गेला तो गेलाच. कडक ऊन पडलं. सोयाबीन तर गेलंच होतं. माळाकडची हळद तेवढी उभी होती, माझी आणि कौसाची, छातीइतकी. आश्विनात हळद खाली पोसायला लागते. वरून पानं हिरवी दिसतात, आणि त्याच वेळी जमिनीत कंद भरत असतो. त्या वेळेला पाणी हुकलं की नुसता पाला राहतो. सकाळी पानाला हात लावला तर कडा कुरकुरायच्या. भाकरीची कड जास्त भाजली की वाजते तशा. मी रोज एक पान चुरगाळून बघायची आणि रोज माझं डोकं फिरायचं. वर्षाचं सगळं आमचं त्या वावरात होतं. दुसरं काही उरलं नव्हतं.

माझा म्हातारा तेव्हा होता. गुडघे धरून बाजेवर बसायचा. म्हणायचा, "गाव करंल ना. घाई काहून करतीस?"

"गाव करंल, गाव करंल. गाव म्हंजे कोण ते दाखवा एकदा."

शेवटी सगळे बांध घालायला गेलो तर पाटाच्या तोंडात म्हैस अडकलेली.

दोन खांबांच्या मधोमध ती अशी बसली होती जशी कोणी मोजून बसवली. डोकं पाटाकडं, मागचं अंग नदीकडं, वरून एक उपटलेली बाभूळ आडवी. पोट ढोलासारखं फुगलेलं. पाठीवरचे केस जागोजागी सुटलेले आणि तिथली कातडी ओल्या साबणासारखी चकचकीत. माशांचा आवाज इतका की दोन पावलांवरचं बोलणं ऐकू येईना. कावळ्यांनी पाठ आधीच टोचून ठेवली होती. मी धनगराची लेक. माझं माहेर सेनगावकडचं, घरात मेंढरं. रोग आला की सकाळी उठून मेलेली मेंढरं उचलायची, हे मी परकर नेसत होते तेव्हापासून केलं. तरी त्या म्हशीसमोर माझी सकाळची भाकर बाहेर आली.

तेवढ्यात भरपाईच्या पंचनाम्याला तलाठी आले. नाकाला रुमाल, हातात मोबाइल. आणि बघता बघता त्या म्हशीला दोन मालक निघाले.

"ही माझी," दादाराव म्हणाला. "कपाळावर चांदवा हाय तिच्या."

"चांदवा तुला कुठून दिसला?" माणिक ओरडला. माणिकचं शेत दादारावच्या शेजारी, दोघांचं कधी पटत नाही. "तोंड तर बाभळीखाली हाय! ही माझी म्हैस. मला पाठीवरून वळखू येते."

"पाठीवर केस तरी राहिलेत का तिच्या, वळखायला?"

"बायकोनं धार काढली हाय हिची, दोन वर्षं! तिला आणू का साक्षीला?"

"आण. वास घेऊन सांगंल ती."

बाकीचे रुमालातून हसत होते. तलाठ्यांनी दोघांकडं बघितलं, म्हणाले, "दोघांच्याही वाहून गेल्या ना? मग दोघांच्याही लिहितो. वाद नको." दोघं म्हशीच्या दोन बाजूंना उभे राहिले, त्यांचा फोटो निघाला. फोटो काढताना माणिकनं तिच्या पुठ्ठ्यावर हातसुद्धा ठेवला.

तलाठ्यांची गाडी वळणाआड गेली आणि म्हशीला एकही मालक उरला नाही.

मी म्हटलं, "दादाराव, ने आता तुझी म्हैस."

"माझी? माझी पार खाली वाहून गेली असंल, काकू. ही गावठी दिसून राहिली."

"माणिक, तू हात ठेवलास ना तिच्यावर?"

"फोटोपुरता ठेवला, काकू."

जेसीबी बोलावला. तो काठाच्या अलीकडंच थांबला. चालवणारा पोरगा खाली उतरला, चार पावलं पुढं आला, शर्टात नाक खुपसून मागं गेला. "मावशी, जमीन ओली हाय, मशीन फसंल." जमीन ओली होती हे खरं. पण त्यानं जमिनीकडं बघितलंच नव्हतं.

मग सगळे पारावर जमले. मी कडेला उभी होते. बायकांना पारावर बसायला कोणी सांगत नाही आणि मला पण तिथं बसायची हौस नाही. तिथं दादारावला अचानक रीत आठवली. ज्या माणसानं जन्मभर माझं पहिलं पाणी रस्त्यात तोडलं तो गळ्यावर हात ठेवून म्हणाला, "बुजुर्गांनी घालून दिलेली गोष्ट हाय. तोंड शेपटाकडच्यांनीच उघडायचं. आपल्याला हात लावायचा अधिकारच न्हाई." आणि सगळ्यांनी माना हलवल्या. बराबर, बराबर. इतक्या वर्षांत त्या रीतीला इतका मान कधी मिळाला नव्हता.

शेपटाकडच्या म्हणजे मी आणि कौसा. पण त्यांच्या डोळ्यांपुढं मी नव्हते, कौसाच होती. कौसाचं घर खालच्या वस्तीत. पूर्वी गावात जनावर मेलं की ओढून न्यायचं काम त्या वस्तीच्या माथी मारलेलं होतं. ते त्यांनी सोडून दिलं, माझं लग्न होऊन मी या गावात आले तेव्हाच. गावानं मात्र मनातून सोडलं नव्हतं. रीत म्हणत होते ती एक आणि मनात होती ती दुसरी.

सगळे तिच्या दारात गेले. मी पण गेले, कारण माझी हळद वाळत होती. कौसा तूर निवडत बसली होती. एरवी तिला "ए कौसे" म्हणणारा दादाराव अंगणात चपला काढून म्हणाला, "कौसाबाई, पोरं हायेत का घरी?"

"हायेत. काहून?"

"त्या म्हशीचं बघायचं होतं. तुमचीच हळद वाळून राहिली ना. तुमच्या भल्यासाठीच म्हणतो."

कौसानं सूप खाली ठेवलं नाही. "माझ्या सासऱ्यानं या गावची ढोरं ओढली. मेल्यावर बी त्याच्या हाताचा वास गेला न्हाई असं माझी सासू सांगायची. माझी पोरं न्हाई ओढणार."

"अवं, हळद जाईल तुमची!"

"जाऊ द्या."

"सगळ्या गावाचं पाणी अडलंय."

"मंग सगळ्या गावानं ओढावी. मालक तर दोन हायेत म्हणं."

हे ऐकून कोणाला तरी हसू आलं आणि दादाराव चपला घालायला विसरून रस्त्यापर्यंत गेला.

मला तिचा राग आला होता. हे मी लपवत नाही. मी मागं थांबले आणि म्हटलं, "कौसा, तुझी वाळू दे म्हणतीस, पण माझी काहून वाळवतीस?"

"तुझी मी वाळवून राहिले का?"

"तुझ्या पोरांना हात लावायला काय होतं? दोन घंट्याचं काम."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुझा पोरगा पुण्याहून आला असता तर तू पाठवला असता का त्याला?"

नसता पाठवला. त्याची बायको मोबाइलवर बोलतानासुद्धा मला हात धुतले का विचारते.

"तू मेंढरंवाल्याची ना?" कौसा म्हणाली. "तू ये. दोर तू बांध. तू आधी हात लाव, मंग मी लावते. माझी पोरं न्हाईत येणार. मी येईन. पण आधी तू."

मी घरी आले. दुपारभर घरातल्या घरात आदळआपट केली. गावाला शिव्या दिल्या, कौसाला दिल्या, म्हाताऱ्याला दिल्या. नदीला पण दिल्या. शिव्यांनी हळद भिजत नाही. म्हैस रोज थोडी थोडी जास्त सुटत होती आणि माझ्या शेतात पानं रोज थोडी थोडी जास्त वाजत होती. मी काही न्यायाबियासाठी गेले नाही. मोठं मन वगैरे माझ्याकडं नाही. विहिरीत मोटर सोडायचा नायलॉनचा दोर पडून होता, तो उचलला, कुऱ्हाड घेतली, नाकात कडुनिंबाचा पाला चुरून कोंबला आणि कौसाच्या दारात जाऊन म्हटलं, "चल बाई. आधी मी."

आधी बाभूळ तोडली. मग मी पाण्यात उतरले. पाणी कोमट होतं, हे मला सगळ्यात जास्त किळसवाणं वाटलं. नदीचं पाणी कोमट असायचं काही कारण नव्हतं. मी तिच्या मागच्या पायांना दोर घातला. आवळला तसं कातडं हातमोज्यासारखं सरकून माझ्या मुठीत आलं. अळ्या मनगटावर चढल्या. मी ओकले, तोंड धुवायला खाली वाकले तर पाणी तेच. कौसा काठावरून म्हणाली, "बांधला?" मी मान हलवली. मग ती लुगडं खोचून उतरली. तिनं दोर धरला आणि मी धरला.

फुगलेलं जनावर पाण्यात हलकं असतं. बाभळीचा अडसर निघाल्यावर ते मागं सुटलं, आणि पोटातली हवा अशा आवाजानं बाहेर आली की आम्ही दोघी हसायलाच लागलो. इतका घाण आवाज होता. हसता हसता पुन्हा ओकलो.

"सोडून दे खाली," मी म्हटलं. "जाऊ दे वाहत."

"खाली गावं न्हाईत का? त्यांच्या पाटाला तोंड न्हाई का?"

"आपल्याला कोणी विचारलं होतं?"

"म्हणून तर," कौसा म्हणाली. "ओढ."

पुरानं काठाला एक मोठा खड्डा पाडला होता. पाण्यापाण्यानं तिला तिथपर्यंत नेली, आत ढकलली आणि वरची दरड पहारीनं पाडली. दरडीवर दादारावच्या शेताचं कुंपण होतं, तेही थोडं खाली आलं. येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी गाव आलं. काय उत्साह! दगड आले, पळसाच्या फांद्या आल्या, चुंगडी भरून चिकणमाती आली. दगडाच्या फटीत फांद्या, फांद्यांवर माती, मातीवर पुन्हा दगड. माणसं ओळीनं उभी राहून टोपली देत होती आणि एकमेकांच्या बायकांवरून चेष्टा करत होती. चहा आला. माणिकनं सगळ्यांना चहा दिला, आम्हा दोघींचे कप लांबून जमिनीवर ठेवले. कौसाला तो नेहमीच तसा ठेवायचा. माझा पहिल्यांदा ठेवला. मी तो कप बघत बसले. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी शेत केलं आणि तिचा कप कुठं ठेवतात हे मला दिसत होतं, पण चहा कसा लागतो हे माहीत नव्हतं. गारच लागतो. कारण तो उचलायला हात लवकर जात नाही.

तोंडातून पाणी पाटात शिरलं तेव्हा आम्ही दोघी शेपटाकडं धावलो. त्या वर्षी रस्त्यात कोणी पाट फोडला नाही. का फोडतील? पहिलं पाणी कोणालाच नको होतं. ते हळूहळू आलं, काळं, वर तांबडा फेस, फेसात केस आणि गवत, पुढं पुढं पळणारे किडे. दोन शेतांच्या मधोमध, पाणी वळवायच्या दांडावर येऊन थांबलं. दोघींच्या हातांत फावडी.

मी म्हटलं, "हात आधी मी लावला."

"म्हणूनच," कौसा म्हणाली. "हात तुझा आधी, पाणी माझं आधी. फिटलं."

तिनं फावड्यानं तिच्या बाजूचा दांड फोडला आणि ते घाणेरडं पाणी तिच्या सरीत शिरलं. कोरड्या जमिनीचा पाणी पितानाचा आवाज येतो, तो आला. पानं लगेच काही हलली नाहीत, पण मला हलल्यासारखी वाटली. मी शेजारच्या बांधावर बसून बघत राहिले. माझ्या हाताचा वास मलाच सहन होईना. राख लावली, लिंबू लावलं, रॉकेल लावलं. कितीतरी दिवस मी उजव्या हातानं जेवले नाही.

हळद त्या वर्षी दोघींची चांगली झाली. काढली, उकडली, वाळवली, फिरत्या ढोलात घालून चकचकीत केली. कौसानं तिची वसमतच्या मोंढ्यात नेऊन विकली. माझी मी थोडी ठेवून बाकीची विकली. हळकुंड मोडलं की आतून केशरी निघायचं. मी एकेक नाकाला लावून बघितलं. नुसता हळदीचा वास. जमीन काय काय पोटात घेते आणि काय वर देते, याचा मला कधी कधी रागच येतो. निदान थोडा तरी वास ठेवायचा.

उन्हाळ्यात दादारावच्या मुलीचं लग्न निघालं. तो माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"काकू, पहिल्या पाण्याची हळद पाहिजे. पोरीला लावायची हाय."

"कौसाकडं जा. पहिलं पाणी तिच्या वावरात गेलं."

"तुमच्या वावरात बी तेच पाणी ना?"

"दुसरं."

त्यानं इकडं तिकडं बघितलं. "तुमीच द्या ना. पहिल्या पाण्याचीच म्हणून द्या. कोणाला कळतंय?"

"तुला कळतंय."

तो उठला. कौसाकडं गेला नाही. कुरुंद्याच्या बाजारातून हळदीची पाकिटं आणली. मी लग्नाला गेले होते. मांडवात नवरी पिवळीधमक होऊन बसली होती, बायका एकमेकींच्या तोंडाला फासत होत्या, दादारावनं स्वतःच्या दोन्ही गालांना लावून घेतली होती. कौसाची हळद मोंढ्यात गेली ती कोणाच्या ढिगात मिसळली, कुठं दळली, कुठल्या पाकिटात भरली, हे कोण सांगणार? मी पोटभर जेवले आणि घरी आले. मला त्या दिवशी कोणाचीच किळस आली नाही. फक्त हसू येत होतं आणि ते लाडवाच्या घासाबरोबर गिळावं लागत होतं.

हे सगळं यंदा त्या वासानं वर आणलं. म्हातारा आता नाही. विजेचे खांब मागच्या वेळी उभे केले होते, ते पुन्हा आडवे झाले. बांध पुन्हा तिथंच फुटला आहे. पाटाच्या तोंडात यंदा म्हैस नाही, डुकरं आहेत. किती आहेत हे बघायला मी जवळ गेले नाही. माळाची हळद उभी आहे. पानांच्या कडा वाजायला लागल्या आहेत.

परवा दादारावचा फोन आला. "काकू, तोंडाचं बघा बरं. तुमी दोघींनी मागं केलंच होतं. रीत हाय."

मी दोर घेतला. तोच नायलॉनचा, त्याला काही होत नाही. काठी टेकत दादारावच्या घरी गेले. तो खुर्चीत बसला होता, पोट आता म्हशीच्या वळणावर गेलेलं. दारं-खिडक्या बंद, आत उदबत्त्या लावलेल्या. मी दोर त्याच्या ओट्यावर ठेवला.

"हे काय, काकू?"

"यंदा पहिलं पाणी तुझं. पहिल्या पाण्याची हळद तुझी. देवाला तूच वाहा. चल, तोंड उघड."

"मी? माझं शेत तर मुंडक्याला हाय."

"मुंडक्यालाच तोंड असतं. ऊठ."

"काकू, मला ॲलर्जी हाय. डॉक्टरनं सांगितलंय."

"कशाची? हात लावायची?"

त्याची बायको दारामागं हसली, मला ऐकू आलं. तो दोराकडं बघत राहिला, जणू त्यालाच अळ्या लागल्या आहेत. मी दोर तिथंच ठेवला आणि वावरात आले.

कौसा बांधावर बसली होती. "दोर कुठं हाय?"

"दादारावच्या ओट्यावर."

"अन् तुझी हळद?"

"वाळू दे."

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या वर्षी तिच्या दारात मी रागानं तिच्याकडं बघितलं होतं तसंच. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "माझी बी वाळून राहिली की, पारू. पण तू म्हणतीस तर वाळू दे."

आम्ही दोघी तिथंच बसलो. पान चुरगाळलं नाही. वाईट वाटत होतं, ते नाही म्हणत नाही; त्या हळदीशिवाय माझ्याकडं यंदा पण दुसरं काही नाही. पण माझे हात आता म्हातारे झाले आहेत आणि त्यांना लागलेला वास जायला वेळ लागतो. शिवाय दादारावनं पण यंदा हळद लावली आहे. त्याच्या पण कडा वाजत असतील.

आज सकाळपासून वारा फिरला आहे. तो नदीकडून गावाकडं येतोय. गावात शिरताना पहिलं घर दादारावचं लागतं.